फातोर्ड्याचा साडेसातचा सामना: सिंधुदुर्गातून जाणाऱ्या प्रेक्षकांसाठी

मडगावचं फातोर्डा मैदान म्हणजे कोकणातल्या फुटबॉलप्रेमींना सगळ्यात जवळ असलेलं देशातल्या अव्वल लीगचं, म्हणजे इंडियन सुपर लीगचं (आयएसएल), मैदान. सावंतवाडीहून रस्त्याने ते शंभर किलोमीटरच्या आत येतं आणि कुडाळहून शंभराच्या थोडं पुढे. मैदान उत्तम आहे. इथला संघ, एफसी गोवा, मन लावून खेळतो आणि प्रेक्षक जाणकार आहेत. तरीही सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ, मालवण या पट्ट्यात एफसी गोवाचा सामना प्रत्यक्ष बघायला नियमित जाणारे फार थोडे, कारण सामना सुरू होतो संध्याकाळी 7:30 ला आणि घरी यायला त्यानंतर गाडी नसते. इथल्या फुटबॉलवाल्यांमध्ये दर मोसमात जो वाद रंगतो तो याच मुद्द्यावर: सामने कधी ठेवावेत आणि कुठे ठेवावेत. हे परीक्षण मैदानाचं आहे तितकंच वेळापत्रकाचं, कारण बाहेरगावच्या माणसासाठी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

मैदानापासून सुरुवात करू, कारण तिथे तक्रारीला फारशी जागा नाही. फातोर्ड्याचं हे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम 1989 साली उभं राहिलं. बरीच वर्षं तिथे क्रिकेटचे एकदिवसीय सामनेही झाले. 2014 च्या लुसोफोनिया (पोर्तुगीजभाषक देशांच्या) खेळांसाठी आणि 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकासाठी डागडुजी झाली आणि आज ते देशातल्या सगळ्यात चांगल्या फुटबॉल मैदानांपैकी एक आहे. साधारण 19 हजार माणसं बसतात. हा आकडा मला फार योग्य वाटतो. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये दहा हजार आले तरी मैदान रिकामं दिसतं, फातोर्ड्यात तेवढेच आले की आवाज छपराला लागून परत खाली येतो. बसायला ईस्ट स्टँडचा खालचा भाग घ्यावा. एफसी गोवाचे कट्टर पाठीराखे स्वतःला ईस्ट लोअर आर्मी म्हणवतात ते याच जागेवरून. तिथून बगलेवरून धावणारा विंगर हाकेच्या अंतरावर दिसतो. डावपेच बघायचे असतील, म्हणजे बचावफळी किती वर चढते, मधली फळी कुठे फाटते, तर मात्र वरचा भाग बरा.

तिकीट ऑनलाइन निघतं. मोठा सामना सोडला तर आदल्या दिवशीही मिळतं. गेटवर पाण्याची बाटली, लायटर, काठीचा झेंडा असल्या वस्तू काढून घेतात आणि त्या परत मिळतील याची आशा धरू नये. बॅग शक्य तितकी लहान न्यावी. मैदान मडगावच्या कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. रेल्वे स्टेशन मात्र शहराच्या दुसऱ्या अंगाला, सुमारे 3 किलोमीटरवर. स्टेशनवरून एकटा माणूस असेल तर पायलट, म्हणजे मोटरसायकलवाला, रिक्षापेक्षा लवकर पोचवतो. चौघे असाल तर रिक्षा ठरवावी आणि भाडं बसण्याआधीच बोलून घ्यावं. खाण्यापिण्याचं आत फारसं काही नाही, पाकिटातलं आणि महाग. संध्याकाळी मडगावात रस-ऑम्लेटचे गाडे लागतात, सामन्याआधी तिथे पोटभर खाऊन आत जाणं हेच शहाणपणाचं.

आता घड्याळ. फुटबॉलचा सामना 90 मिनिटांचा म्हणतात, पण प्रवासाचा हिशेब करताना 1 तास 52 मिनिटं धरावीत: 45 अधिक 45, मध्यंतराची 15, आणि दोन्ही डावांत मिळून सात-आठ मिनिटं जादा. उकाड्याच्या दिवसांत पंच पाणी प्यायला खेळ थांबवतात, तेव्हा आणखी चार-पाच. म्हणजे 7:30 चा सामना 9:22 च्या आत संपत नाही. गर्दीतून बाहेर पडायला 15 मिनिटं, स्टेशनवर पोचायला 20. दहा वाजतात. मुंबईकडे जाणारी कोकणकन्या मडगावहून संध्याकाळी सातच्या सुमाराला सुटलेली असते, म्हणजे सामन्याआधी खेळाडू सराव करत असतात तेव्हा ती गाडी करमळीच्या दिशेने असते. मत्स्यगंधा आठच्या आगेमागे निघून जाते. त्यानंतर दक्षिणेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या मध्यरात्र उलटल्यावर येतात आणि त्यातल्या अनेक सिंधुदुर्गातल्या लहान स्टेशनांवर थांबत नाहीत. बसचंही तेच. मडगाव ते पणजी, पणजी ते म्हापसा, म्हापशाहून बांदा अशी साखळी दिवसा उत्तम चालते, पण रात्री साडेनऊनंतर तिच्यातली एक तरी कडी तुटलेली असते. राहतो तो स्वतःच्या गाडीचा पर्याय किंवा मडगावात मुक्काम.

याउलट गंमत अशी की कुडाळच्या माणसाला मुंबईत अंधेरीला होणारा 7:30 चा सामना रेल्वेने जास्त सोयीचा पडतो, अंतर चौपट-पाचपट असूनही. मुंबई सिटी या तिथल्या संघाचं मैदान, मुंबई फुटबॉल अरेना, वीरा देसाई रोडवर आहे. सामना 9:22 ला संपतो. मेट्रोच्या वर्सोवा-घाटकोपर मार्गावरचं आझाद नगर स्टेशन जवळ आहे, तिथून अंधेरी आणि लोकलने दादर, साडेदहा-पावणेअकराला. कोकणकन्या सीएसएमटीहून 11:05 ला सुटते, ठाण्याला किंवा पनवेलला गाठायची तर धावपळ होते. पण सावंतवाडीला जाणारी तुतारी दादरहून रात्री 12:05 ला सुटते. तासभर हातात, जेवायलाही वेळ. इथे नवशिक्यांची हमखास चूक होते ती तारखेची. शनिवारच्या सामन्यानंतर धरायची तुतारी मध्यरात्र उलटून पाच मिनिटांनी सुटते, म्हणून तिकीट रविवारच्या तारखेचं काढावं लागतं. शनिवारचं काढलं तर ती गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. मडगावहून मध्यरात्रीनंतरची गाडी धरायची असेल तर हाच नियम.

अंधेरीची तक्रार वेगळी आहे, जागेची. सात हजारांच्या आत माणसं मावतात, त्यामुळे मोठा सामना असला की तिकीट मिळत नाही. पहिल्या दोन मोसमांत, 2014 आणि 2015 ला, मुंबई सिटी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायची. नेरूळ स्टेशनजवळचं ते मैदान कोकणातून येणाऱ्यांना आणि पनवेल-कामोठे-खारघरला राहणाऱ्या चाकरमान्यांना कितीतरी सोपं होतं. 2016 पासून संघ अंधेरीला गेला. डी. वाय. पाटील मूळचं क्रिकेटचं, प्रेक्षक मैदानापासून लांब बसतात आणि तारखा क्रिकेटच्या हातात असतात, हे खरं. पण 6 नोव्हेंबर 2023 ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सौदी अरेबियाचा अल हिलाल आला तेव्हा सामना तिथेच घ्यावा लागला. नेमार जखमी होऊन आलाच नव्हता, दिवस सोमवारचा होता, आणि तरी तीस हजारांवर माणसं आली. मुंबईत फुटबॉलला प्रेक्षक नाही हे म्हणणं त्या रात्री खोटं ठरलं. गोव्याविरुद्धचा सामना दर मोसमात एकदा तरी नेरूळला घ्यावा, या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे.

परत फातोर्ड्याकडे. साडेसातच्या सामन्याचा खरा तोटा शेवटच्या दहा मिनिटांत होतो, कारण बाहेरगावचा माणूस 80 व्या मिनिटापासून घड्याळ बघायला लागतो आणि 85 व्या मिनिटाला उठतो. 24 एप्रिल 2024, बुधवार, उपांत्य फेरीचा पहिला सामना. एफसी गोवा 2-0 ने पुढे. 90 व्या मिनिटाला मुंबई सिटीच्या छांगटेने एक परतवला, लगेच पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली, आणि जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेनेच तिसरा घातला. मुंबई सिटी 3-2. बस धरायला वेळेवर उठलेल्या माणसाने त्या रात्री गोवा जिंकला असं समजूनच मैदान सोडलं असेल. इतका मोठा सामना आठवड्याच्या मध्यावर, रात्री, आणि पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं. असं वेळापत्रक प्रेक्षकाला गृहीत धरून केलेलं नसतं.

टीव्हीवाल्यांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर वाद नुसता आवाजाचा होतो. एका वाहिनीवर एका वेळी एकच सामना दाखवता येतो. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ जाहिरातदाराला हवी असते. म्हणून एकच सामना असेल तर तो 7:30 ला, आणि दोन असतील तर पहिला 5 ला आणि दुसरा 7:30 ला. 14 संघ असतील तर एका फेरीत 7 सामने. गुरुवार, शुक्रवार, सोमवार असे एकेक, शनिवारी आणि रविवारी दोन-दोन धरले तर सातपैकी फक्त दोन सामने 5 ला पडतात. आता हे दोन कोणाच्या वाट्याला जातात तेही बघा. डिसेंबरात गुवाहाटीला साडेचारलाच सूर्य मावळतो, कोलकाता आणि जमशेदपूरला पाचच्या आसपास. तिथे 5 वाजता दिवे लावून खेळता येतं, कॅमेऱ्याला चित्र एकसारखं मिळतं. गोव्यात त्याच दिवसांत सूर्य सहाला मावळतो आणि फेब्रुवारीत साडेसहानंतर. पाचच्या सामन्यात पहिला तासभर वेस्ट स्टँडची सावली मैदानावर तिरकी पडलेली असते, अर्धं मैदान लख्ख आणि अर्धं काळं, कॅमेऱ्याला दोन्ही एकदम नीट दाखवता येत नाही. म्हणून वेळापत्रक करणारा माणूस 5 चा सामना पूर्वेला टाकतो आणि 7:30 चा पश्चिमेला. यात गोव्यावर राग कोणाचा नाही, पण परिणाम कोकणाला भोगावा लागतो.

2025-26 चा मोसम व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आधीच अडकला होता. अखेर 14 फेब्रुवारी 2026 पासून 14 संघ, एकेरी फेरी आणि 91 सामने असं जाहीर झालं. एकेरी फेरीत प्रत्येक संघाचे 13 सामने, त्यातले घरचे सहा किंवा सात. वरचा सातपैकी दोनचा हिशेब लावला तर एका मोसमात घरच्या मैदानावर 5 चा सामना सरासरी दोनदाच येणार. मग आपण मागायचं ते हेच दोन सामने, आणि ते कोणते असावेत यावर इथल्या लोकांनी एकमत करावं. माझ्या मते पहिला मुंबई सिटीविरुद्धचा, कारण दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच रेल्वेमार्गावर राहतात. दुसरा कोणताही चालेल, फक्त शनिवारी हवा. रविवार नको, कारण सोमवारी शाळा, बँका, कचेऱ्या.

पाचचा सामना आपल्याला कसा लागू पडतो ते बघा. जाताना जनशताब्दी: रत्नागिरी, कणकवली, कुडाळ करत दुपारी दोनच्या सुमाराला मडगाव. जेवण, थोडा आराम, चारला मैदानात. सामना 6:52 ला संपला, 7:05 ला बाहेर, 7:30 ला स्टेशन. कोकणकन्या गेलेली असेल, तिच्या नादाला लागूच नये. अनेक जण ‘पाचचा सामना आहे, सातची गाडी मिळेल’ असं धरून कोकणकन्येचं तिकीट काढतात आणि मग दुसरा डाव अर्धा सोडतात. आठच्या आगेमागे येणारी मत्स्यगंधा मात्र सहज मिळते. तिचे थांबे मोजके, तेव्हा तिकीट काढण्याआधी आपलं स्टेशन त्यात आहे का हे बघून घ्यावं, नसेल तर शेजारच्या स्टेशनवर दुचाकी लावून जावी. 5:30 ला सामना ठेवला तर मात्र हेही गणित फसतं: 7:22, 7:35, आणि स्टेशनवर पोचेपर्यंत आठ. एवढा अर्धा तास पूर्ण प्रवासाचा निकाल लावतो, म्हणून ‘5 किंवा 5:30, काय फरक पडतो’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो.

एक अट यात आहे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं तेव्हा गाड्या घाटात आणि कापलेल्या डोंगरांत हळू चालवतात आणि उत्तरेकडच्या गाड्या मडगावहून लवकर सुटतात, कोकणकन्या तर साधारण तासभर आधी. 2025 साली हे वेळापत्रक 15 जून ते 20 ऑक्टोबर होतं. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या सामन्यांना 5 ची वेळसुद्धा रेल्वेने जमत नाही. शिवाय परतीचा पाऊस. 24 ऑक्टोबर 2010 ला याच मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना एकही चेंडू न टाकता रद्द झाला होता. फुटबॉल पावसात होतो, मैदानाचा निचराही चांगला आहे, पण ओल्या कपड्यांनी रात्रीचा प्रवास करणाऱ्याला त्याचं समाधान नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आपला. मार्चच्या मध्यापासून पुढे पाचला खेळवणं खेळाडूंच्या जिवावर येतं. फातोर्ड्यात हवा दमट, वारा स्टँड अडवतात, आणि तिसाव्या मिनिटाला पाण्यासाठी खेळ थांबवावा लागतो. त्या दिवसांत कोणी 5 चा हट्ट धरला तर मी त्याच्या बाजूने नाही.

पाचच्या सामन्याला जागा निवडताना ईस्ट स्टँडचं माझं वरचं मत उलटं करावं. त्या स्टँडचं तोंड पश्चिमेला, सूर्य थेट डोळ्यांत. टोपी असली तरी पहिला डाव हाताचा आडोसा करून बघावा लागतो. लहान मुलं बरोबर असतील तर वेस्ट स्टँड घ्यावा, थोडे जास्त पैसे गेले तरी.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी रस्त्याबद्दल सविस्तर. बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी, मांडवीवरचा अटल सेतू, बांबोळी, कुठ्ठाळी, वेर्णा, नुवें, फातोर्डा, हा सरळ मार्ग राष्ट्रीय महामार्ग 66 चा. झुआरीवरचा नवा पूल डिसेंबर 2022 मध्ये एका बाजूने आणि डिसेंबर 2023 मध्ये दुसऱ्या बाजूने खुला झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी सुटली. पूर्वी सामन्याच्या दिवशी त्या जुन्या पुलावर अर्धा-पाऊण तास जाणं नेहमीचं होतं. आता अडकायला होतं ते पर्वरीला, उन्नत मार्गाच्या कामामुळे. संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या मध्ये पर्वरीतून जायची वेळ येऊ देऊ नये. म्हणजे 7:30 च्या सामन्यालाही सावंतवाडीहून साडेतीनला निघालेलं बरं. येताना रात्री रस्ता मोकळा असतो, दोन-सव्वादोन तासांत बांदा. तिथे इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते. गोव्याहून रात्री साडेअकराला परतणारी, चार तरुण बसलेली गाडी थांबवली जाणारच. डिकी उघडून दाखवायची, पाच-दहा मिनिटं जातात. परवान्याशिवाय गोव्याची दारू राज्यात आणणं हा गुन्हा आहे आणि त्यात गाडीही अडकते, म्हणून भाड्याची गाडी ठरवली असेल तर निघतानाच सगळ्यांच्या पिशव्या बघून घ्याव्यात. एकाच्या बाटलीपायी सगळ्यांची रात्र नाक्यावर जाते. सिंधुदुर्गातला चौपदरी रस्ता चांगला झाला आहे, कुडाळ-कणकवलीपर्यंत चिंता नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आरवली ते वाकेड या पट्ट्यातलं काम वर्षानुवर्षं रखडत आलं आहे, तिकडच्यांनी रात्री गाडी चालवत परत जाण्यापेक्षा मडगावात राहावं आणि सकाळी सव्वानऊच्या सुमाराची मांडवी एक्सप्रेस धरावी.

वेळेइतकाच वाद वेळापत्रक जाहीर कधी करतात यावर आहे, आणि माझ्या दृष्टीने हा मुद्दा वेळेपेक्षाही गंभीर आहे. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं. 2024-25 चा मोसम 13 सप्टेंबरला सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या टप्प्याचं वेळापत्रक आलं तीनेक आठवडे आधी. कोकण रेल्वेवर गणपती, दिवाळी, नाताळ, शिमगा आणि मे महिना या काळात तीन आठवडे आधी काहीही मिळत नाही. बरं, काढलेलं तिकीट सामना पुढे ढकलल्यावर रद्द करावं लागतं, आणि जितकं उशिरा रद्द कराल तितकी कपात जास्त. प्रत्येक टप्प्याचं वेळापत्रक दहा आठवडे आधी यावं, दिवस तरी नक्की असावा, एवढं मागणं अवास्तव नाही. तारीख ठरवताना आपल्याकडचे सणही कोणी बघत नाही. 22 ऑक्टोबर 2025 ला सौदी अरेबियाचा अल नासर आशियाई स्पर्धेसाठी फातोर्ड्यात आला तो दिवस दिवाळीच्या पाडव्याचा. ती तारीख आशियाई फुटबॉल महासंघाची, गोव्याच्या हातातली नव्हती. रोनाल्डो आला नाही, गोव्याने 1-2 असा निकराचा सामना दिला, आणि इथली अनेक घरं पाडव्यामुळे गेलीच नाहीत. लीगच्या तारखा मात्र आपल्याच देशात ठरतात. 20 मार्च 2022 ची अंतिम लढत शिमग्याच्या ऐन दिवसांत झाली, तेव्हा पालखी सोडून कोण जाणार. आंगणेवाडीच्या यात्रेची तारीख तर देवीच्या कौलानंतर कळते, तिच्याशी कोणी जुळवून घ्यावं असं म्हणता येणार नाही, पण होळी आणि पाडवा पंचांगात वर्षभर आधी छापलेले असतात.

मैदानच ऐनवेळी बदलणं हा याहून मोठा धक्का. 11 जानेवारी 2025 ला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना गंगासागर यात्रेच्या बंदोबस्तामुळे कोलकात्यात होऊ शकला नाही, तो गुवाहाटीला नेला. कोलकात्याच्या माणसाला घरचा सामना हजार किलोमीटरवर. गोव्याला ही पाळी सहसा येत नाही, कारण इथे पर्याय राज्यातच आहेत. 2020-21 चा पूर्ण मोसम, 115 सामने, फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान आणि बांबोळीचं मैदान या तिघांत बसवला होता. पण त्या तिन्हीत प्रेक्षक म्हणून जावं असं मैदान एकच. बांबोळीला धावपट्टी मध्ये येते, चेंडू कोणाच्या पायात आहे ते पलीकडच्या बाजूला कळत नाही. महामार्गालगत असल्यामुळे जायला मात्र ते फातोर्ड्यापेक्षा जवळ.

कोल्हापूरचं नाव या चर्चेत हमखास निघतं. आंबोली चढून गेलं की छत्रपती शाहू स्टेडियम, तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी यांचे स्थानिक सामने दुपारी चारला होतात आणि भर उन्हात मैदान भरतं. तिथे आयएसएलचा सामना ठेवावा असं म्हणणाऱ्यांचं प्रेम मला कळतं, पण दूरचित्रवाणीला लागणारे दिवे आणि आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी यात ते मैदान आज बसत नाही. त्यापेक्षा चारच्या वेळेला प्रेक्षक येतो हे कोल्हापूरने सिद्ध केलं आहे, एवढा पुरावा वादात वापरावा.

गुण द्यायचे तर मैदानाला 5 पैकी 4, खेळाला 4, पोचण्याच्या सोयीला 3, परतीच्या सोयीला 1. हा शेवटचा आकडा वाढवणं क्लबच्या हातात आहे. मोसमातल्या निवडक सामन्यांनंतर रात्री दहाला मडगाव-पणजी-म्हापसा-बांदा-सावंतवाडी अशी एक बस, तिचं भाडं सामन्याच्या तिकिटाबरोबरच ऑनलाइन भरून. पन्नास जागा आधी भरल्या तरच सोडायची. कदंब महामंडळ करारावर बस देतं, तेव्हा यात अशक्य काही नाही. तोवर सावंतवाडी आणि कुडाळच्या मंडळांनी मिळून सतरा आसनी गाडी ठरवणं हाच मार्ग. गाडी मैदानाच्या दारात न लावता कदंब स्थानकाच्या बाजूला, महामार्गाकडे तोंड करून लावायला सांगावी, नाहीतर सामना सुटल्यावर गल्लीतून बाहेर पडायलाच पाऊण तास जातो.

आणि ज्यांना दिवसाउजेडीच परत यायचं आहे त्यांच्यासाठी म्हापशाचं धुळेर मैदान. गोवा प्रोफेशनल लीगचे सामने तिथे दुपारी होतात. डेम्पो, साळगावकर, चर्चिल, स्पोर्टिंग अशी नावं खेळतात, ज्यांनी कधीकाळी राष्ट्रीय लीग गाजवली: डेम्पोने पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलं, चर्चिलने दोनदा, साळगावकरने 1998-99 आणि 2010-11 ला. कृत्रिम हिरवळ आहे, त्यामुळे चेंडू जास्त उसळतो आणि दुपारी पृष्ठभाग तापतो, पहिला अर्धा तास खेळ संथ वाटेल. गर्दी नाही, प्रशिक्षक काय ओरडतोय ते शब्दन् शब्द ऐकू येतं, आणि फुटबॉल शिकणाऱ्या पोराला घेऊन जायला याहून चांगली जागा नाही. सावंतवाडीहून म्हापशाची बस, स्थानकावरून रिक्षा. चारचा सामना सहाच्या आत संपतो, साडेसहाची बस मिळते, आठ-साडेआठला घरी. फक्त निघण्याआधी त्याच दिवशी सकाळी सामना धुळेरलाच आहे ना याची खात्री करावी, कारण या लीगचे सामने थोड्या मुदतीवर एका मैदानावरून दुसऱ्यावर हलतात, आणि म्हापशात उतरल्यावर सामना वास्कोला आहे असं कळलं तर पहिल्या डावाला पोचणं होत नाही.